दोष नाही, पण देणे आहे

गेली दोन-तीन वर्षे उत्सवात आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "मुलांनी आता शिकावं तरी काय?" पूर्वी याचे उत्तर सोपे होते. डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आणि इंजिनिअर म्हणजे बहुतेक वेळा कॉम्प्युटर. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि हे उत्तर डळमळू लागले. ज्या विद्येच्या बळावर आपल्यापैकी कित्येकजण सातासमुद्रापार आले, त्या विद्येचा बराचसा भाग आता यंत्रच करू लागले आहे.

प्रश्न पोटापाण्याचा आहे आणि तो महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या खाली आणखी एक, जुना प्रश्न दडलेला आहे आणि तो नीतीचा आहे. एखादे नवे यंत्र आले, किंवा बाजाराचा वारा फिरला, आणि त्यात एकाचे भाग्य उजळले व दुसऱ्याची चूल विझली, तर ज्याचे उजळले तो त्या दुसऱ्याचे काही देणे लागतो का? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला, कारण आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या या व्यवहारात कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला उभ्या राहिल्या आहेत.

माझे आजोबा १९३० नंतरच्या काळात संगमेश्वर तालुक्यातून बोटीने मुंबईला आले आणि गिरणीत लागले. आधी बदली कामगार, मग जॉबरची मर्जी सांभाळत सांभाळत साचेखात्यात साचेवाला. एका गाळ्यात वीस-बावीस गडी राहायचे. दिवसपाळीचे उठले की त्याच जागेवर रातपाळीचे झोपायचे. जेवण खानावळीत. महिन्याच्या महिन्याला गावाला मनीऑर्डर. कोकणातल्या कितीतरी घरांवरची कौले आणि कितीतरी मुलांच्या शाळेच्या फिया त्या मनीऑर्डरींतून निघाल्या आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली, तेव्हा आपण एका संस्कृतीचा पाया घालतो आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. पण तसेच घडले. भोंग्याच्या तालावर जगणाऱ्या त्या वस्तीला गिरणगाव हे नाव पडले. तिथे भजनी मंडळे आली, कोकणचे नमन आणि दशावतार आले, घाटावरची लेझीम आणि तमाशा आला, गल्लोगल्ली व्यायामशाळा निघाल्या. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी तिथे घुमली. नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून वाढवले ते एका गिरणी कामगारानेच. आज आपण सगळे ज्या रविवारच्या सुटीवर हक्क सांगतो, ती मुंबईच्या कामगारांना १८९० साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आणि गणपती! लालबागच्या मंडळाचा गणपती १९३४ साली बसला तो बाजाराची जागा गमावलेल्या कोळी बांधवांच्या आणि किरकोळ विक्रेत्यांच्या नवसातून. आसपासच्या मंडळांच्या वर्गणीत पुढे कितीतरी वर्षे गिरणी कामगाराचा रुपया-आठ आणा असायचा. आपण परदेशात ज्या थाटाचा सार्वजनिक उत्सव करू पाहतो, त्याचे पुष्कळसे वळण त्या वस्तीने घडवले आहे. पोटाच्या मागे माणसे गेली आणि त्यांच्या मागून संस्कृती गेली. आपले तरी याहून काय वेगळे झाले आहे?

हे चित्र सुंदर आहे, पण अर्धे आहे. आजोबा ज्या साच्यावर उभे राहिले, त्या साच्याने आधीच कुणाचा तरी हातमाग बंद पाडला होता. आधी विलायतेच्या आणि मग इथल्याच गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे गावोगावचे विणकर टिकले नाहीत. काही साळी, कोष्टी, मोमीन कुटुंबे नगास नग उभे करून तगली, काही येवल्याच्या पैठणीसारख्या यंत्राला न जमणाऱ्या कामाच्या आधाराने राहिली, आणि बाकीची शेतमजुरीला लागली. आजोबांनी कुणाचे वाईट चिंतले नव्हते. ते भुकेने आले होते. पण त्यांच्या भाकरीचे पीठ कुठल्यातरी बंद पडलेल्या मागाच्या जात्यावर दळलेले होते, हेही खरे.

आणि गिरणीचे दार तरी सगळ्यांना सारखे उघडे होते का? इथे धोट्याची गोष्ट सांगितली पाहिजे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा. एवढ्या कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना साचेखात्यात शिरू दिले जात नसे. जास्त पगाराचे खाते सवर्णांचे, आणि त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. आता गंमत पाहा. मी राहतो त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातही अगदी असाच धोटा होता. इथे लोकांना त्यातून क्षयासारखे रोग पसरण्याची भीती वाटली आणि १९११ साली राज्याने कायदा करून तोंडाने ओढायचा धोटा बंद केला. हाताने धागा ओवता येईल असा धोटा तोवर तयार झालाच होता. म्हणजे उपाय हाताशी होता. एका ठिकाणी तो कायद्याने आणला, दुसऱ्या ठिकाणी त्या छिद्राआड जातीची भिंत सुखाने उभी राहिली. धोटा तोच, छिद्र तेच. काय करायचे ते माणसांनी ठरवले.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. "यंत्र आले, त्याला कोण काय करणार?" असे आपण सहज म्हणतो. पण यंत्र फक्त दार करून देते. त्या दारातून कोणी आत जायचे, कोणी बाहेर राहायचे आणि बाहेर राहिलेल्याचे पुढे काय करायचे, हे यंत्र ठरवत नाही.

मुंबईच्या गिरण्यांचा शेवटही हेच सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. माझे काका त्यांत होते. वय एकेचाळीस, साच्यावर वीस वर्षे झालेली. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. पुष्कळांना वाटते की जुन्या गिरण्या नव्या यंत्रापुढे हरल्या. काही अंशी खरेही आहे. कृत्रिम धाग्याचे कापड आले होते आणि मालकांनी वर्षानुवर्षे नवी यंत्रे घेतली नव्हती. पण मोठा मार बसला तो यंत्रमागांचा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला जे यंत्रमाग धडधडत होते, त्यांतले कितीतरी गिरण्यांनीच मोडीत काढलेले जुने साचे होते. काकांनी दोन वर्षे घरी बसून काढली आणि शेवटी भिवंडीला एका कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर लागले. पगार निम्म्याहून कमी, प्रॉव्हिडंट फंड नाही, रजा नाही. ते सांगायचे, "साचा तोच होता रे. माझ्या हाताला त्याची सवय होती. बदलला होता तो फक्त कायदा." कारखाना लहान दाखवला की कामगार कायदा दाराबाहेर राहतो. इथे प्रगत यंत्राने मागास यंत्राला हरवले नव्हते. जुन्याच यंत्राने, माणूस स्वस्त करून, स्वतःलाच हरवले होते.

आणि जमीन? गिरण्यांची मुंबईच्या मध्यभागातली सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकायला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा एक भाग शहराच्या मोकळ्या जागांना, एक भाग घरांना आणि एक भाग मालकाला, असा हिशेब होता. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची व्हावी. मग वाटायला उरणार काय? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज लाखाच्या वर, घरे काही हजार. नाव लागले तेव्हा कित्येक घरांत कामगाराच्या फोटोला हार होता. ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात ते असे.

इथून तासाभराच्या अंतरावर लॉवेल नावाचे गाव आहे. आपल्यापैकी पुष्कळजण मुलांना घेऊन तिथले गिरण्यांचे म्युझियम पाहून आले असतील. मेरिमॅक नदीचे पाणी कालव्यांनी फिरवून १८२० नंतर तिथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. न्यू इंग्लंडच्या शेतांवरच्या तरुण मुली कामाला आल्या. घंटेच्या ठोक्यावर उठायचे, आठवड्याला सत्तर तासांहून अधिक काम, राहायला कंपनीची वसतिगृहे. आपल्या गाळ्याची आणि खानावळीचीच ही बहीण. त्या मुलींनी स्वतःचे मासिक चालवले आणि पगार कापला तेव्हा १८३४ व १८३६ साली संपही केले. पुढे त्यांच्या जागी आयरिश आले, मग फ्रेंच कॅनेडियन, मग ग्रीक. कापूस येत होता दक्षिणेतल्या गुलामांच्या हातचा. यादवी युद्धात तो कापूस अडला तेव्हा लँकेशायरला उपासमार झाली आणि मुंबईत सोन्याचा धूर निघाला. १८६५ साली युद्ध संपले आणि तो धूरही विरला. जगाच्या एका टोकाची चूल दुसऱ्या टोकाच्या चुलीशी अशी कितीतरी आधीपासून जोडलेली आहे. 'ग्लोबलायझेशन' हा शब्द तेवढा नवा.

१९२० नंतर लॉवेलच्या गिरण्या स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे गेल्या आणि गाव ओस पडले. पुन्हा उभारी आली ती १९७० नंतर, वँग कंपनीच्या कॉम्प्युटरमुळे. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. शेजारच्या मेनार्ड गावात डिजिटल कंपनी तर लोकरीच्या जुन्या गिरणीतच थाटली होती. जिथे माग होते तिथे कॉम्प्युटर बसले! पण छोटे पर्सनल कॉम्प्युटर आले, १९९२ साली वँगने दिवाळे काढले, १९९८ साली डिजिटल विकली गेली, आणि पुन्हा हजारो घरांत तोच प्रश्न आला.

काका २००६ साली इथे आले तेव्हा त्यांना मी मुद्दाम लॉवेलला नेले. तिथे दालनभर साचे मांडले आहेत आणि त्यांतले काही खरेच चालवून दाखवतात. तो आवाज कानावर पडताच काका माझ्याशी खुणांनी बोलू लागले. गिरणीत सगळे तसेच बोलायचे. बाहेर आल्यावर म्हणाले, "इथल्या लोकांनी निदान साचे तरी जपून ठेवले."

आता माझ्याविषयी. मी १९९८ साली आलो. दोन हजार सालाच्या तारखेचा घोळ, म्हणजे वायटूके, निस्तरायला जगभर माणसे हवी होती आणि भारतात ती शिकून तयार होती. एका विमा कंपनीत माझे काम एका अमेरिकन गृहस्थांकडून समजून घ्यायचे होते. ते अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांनी मला सहा आठवडे शांतपणे सगळे शिकवले. कुठली फाइल कुठे, कुठल्या ओळीत काय खोच आहे, सगळे. सातव्या आठवड्यात त्यांची खुर्ची रिकामी होती. मला नंतर कळले की मला शिकवणे हीच त्यांची शेवटची कामगिरी होती, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

मी त्यांची नोकरी घेतली का? मला तसे वाटत नाही. निर्णय माझा नव्हता, मला कोणी विचारले नव्हते. मीही आजोबांसारखा मिळालेल्या दारातून आत आलो होतो. त्या नोकरीवर माझे घर उभे राहिले, भावाचे शिक्षण झाले. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही आणि कुणाला वाटावे असे मी म्हणणारही नाही. पण मी त्यांचे काही लागत नाही, असेही मला म्हणवत नाही. इथेच दोन शब्दांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. एक दोष आणि दुसरे ऋण. दोष लागतो तो चुकीच्या कृत्याने. ऋणाला कृत्य लागत नाही, नुसता लाभ पुरतो. आपल्या परंपरेने हे फार आधी ओळखले होते. माणूस जन्मतःच ऋणी असतो असे ती मानते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपल्याला ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, मनुष्यांचे ऋण. आईवडिलांचे ऋण मान्य करताना आपण काही गुन्हा कबूल करत नसतो. मग ज्यांच्या हातचे गेले म्हणून आपल्या हाती आले, त्यांचे ऋण मान्य करायला संकोच का वाटावा?

यावर लोक म्हणतात, "अहो, ही जगरहाटी आहे. शेवटी यंत्रामुळे सगळ्यांचेच भले होते." पुष्कळदा होतेही. गिरणीने गरिबाच्या अंगावर कापड आणले हे विसरून चालणार नाही. पण "शेवटी" हा शब्द फसवा आहे. लॉवेलच्या बाबतीत तो पन्नास वर्षांचा निघाला. गिरणगावात तीस वर्षांनी घराची किल्ली आली. राष्ट्राच्या आयुष्यात पन्नास वर्षे म्हणजे एक पान असेल, माणसाला मात्र एकच आयुष्य असते. काकांना "शेवटी" पाहायला मिळाले नाही.

तर मग यंत्रच नको का? या प्रश्नावर आपल्याकडचे दोन मोठे पुरुष वेगवेगळे बोलले. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये यंत्रांवर कडक टीका केली. पण पुढे त्यांनीच शिवणयंत्राचे कौतुक केले आणि आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले. डॉ. आंबेडकरांची भूमिका निराळी. राबणाऱ्या माणसाला उसंत मिळाल्याशिवाय तो माणूस म्हणून जगू शकत नाही आणि ती उसंत यंत्रच देऊ शकते. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. मला स्वतःला दुसरे म्हणणे अधिक पटते. पण पाहा, दोघांचेही बोट शेवटी एकाच जागी टेकते. लाभ कुणाला आणि किंमत कुणाच्या खिशातून, हे विचारल्यावाचून यंत्राला चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही.

आज तेच यंत्र आपल्या दारी आले आहे. आमच्या ऑफिसात पूर्वी नव्या मुलांना जे सोपे काम देऊन शिकवत, ते आता यंत्राकडून होते. म्हणजे शिडीची खालचीच पायरी काढली जाते आहे. अनुभवी माणसाला याचा लाभच होतो, निदान आज तरी. उद्या त्याच्या जागी येणारा अनुभवी माणूस घडायचा कुठे, हे कोणी विचारत नाही. गरज सरो, वैद्य मरो!

या देण्याची फेड कशी करायची? सरकारने काय करावे यावर लिहायला माझा अधिकार नाही. आपल्या आवाक्यातल्या तीन गोष्टी सुचतात. आपल्यापैकी पुष्कळजण आता निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर आहेत. नवे यंत्र आणताना "किती पैसे वाचले" याच्याबरोबर "ज्यांचे काम गेले त्यांना काय दिले" हा प्रश्नही कागदावर यावा, आणि एखादा नवशिका मुलगा किंवा मुलगी हट्टाने हाताशी घ्यावी. दुसरी गोष्ट घरातली. मुलांना कुठला कोर्स घ्यावा हे सांगताना आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हेही सांगावे. आजोबा-पणजोबा काय काम करत, ते काम कुठे गेले, याची गोष्ट प्रत्येक घरात आहे. ती सांगितली की मुलांना एक तर धीर येतो आणि दुसरे म्हणजे मस्ती येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मंडळाची, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. नोकरी गेलेली माणसे उत्सवाला येत नाहीत. "लोक काय म्हणतील" म्हणून घरी बसतात. एच-वन व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत त्याला सर्वांत जास्त गरज असते ती ओळखीच्या माणसांची, आणि नेमका तेव्हाच तो तोंड लपवतो. १९८२ साली आमच्या चाळीत कोणाला तोंड लपवावे लागले नाही. शेजारणी न बोलता वाटीभर तांदूळ आणून ठेवत आणि वाण्याची वही उघडी राही. ती श्रीमंती आपल्या मोठ्या घरांत आणायला काहीच हरकत नसावी. कार्यकारिणीने दोन-तीन जाणत्या लोकांची नावे ठरवावीत, ज्यांना केव्हाही फोन करता येईल आणि बोललेले जे पोटात ठेवतील. वर्गणी ज्याची त्याने जमेल तेव्हा द्यावी. एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले.

दसऱ्याला गिरणीत साच्यांना झेंडूच्या माळा घालून पूजा करत. आजही आपण कॉम्प्युटरला कुंकू लावतोच. ती पूजा यंत्राच्या ताकदीची नाही, ते चालवणाऱ्या हातांची आहे असे मी मानतो. यंदा कुंकू लावताना त्या यंत्रापाशी आपल्या आधी बसलेल्या आणि आता उठून गेलेल्या माणसाचीही एक क्षण आठवण ठेवावी, आणि जमल्यास त्याला फोन करावा. बुद्धीची देवता सर्वांना सद्बुद्धी देवो आणि कुणाचीही चूल विझू न देवो, हीच प्रार्थना.